पाणीवालीपुढचा शेरा

सावरटाकळी,
२० जानेवारी २०२५

ती. आबा,

साष्टांग नमस्कार केला असं समजा, कारण मी तलावाच्या भरावावर बसून लिहितेय आणि मांडीवर कागद आहे. कानाला यंत्र बसवूनही तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही, तुम्ही आपलं बोलून फोन ठेवून देता, असं काका सांगत होते. मोबाईलवरचं अक्षर तुम्हाला मुंगीएवढं दिसतं. मग उरलं पत्र. माझ्या वयाच्या कुणी पत्र लिहिलेलं मला माहीत नाही, तेव्हा चुकलं तर लाल शाई काढू नका.

बातमी अशी, की ग्रामसभेनं मला ग्रामरोजगार सेवक केलं. आणि रोजगार हमीचं पहिलंच काम निघालं ते तुमच्या तलावाचं. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही जिथे हजेरी कारकून होतात, तोच पाझर तलाव. निम्मा गाळानं भरलाय. गाळ काढायचा आणि भरावाला दगड लावायचे. बेचाळीस मजूर आहेत, त्यात आपली आईही आहे. तुमच्याकडे मस्टरचे लांबलचक कागद होते, माझ्याकडे मोबाईल आहे. सकाळी एक फोटो, दुपारी एक. नेटवर्क फक्त भरावाच्या उत्तर टोकाला येतं, म्हणून बेचाळीस माणसं दिवसातून दोनदा टिकाव-फावडी टाकून तिकडे चालत जातात. कुणी टोपी सरळ करतं, कुणी पदर.

एक अडचण आहे. कामावर पिण्याचं पाणी ठेवावं लागतं आणि ते देणारा एक मजूर नेमता येतो. भीमनगरच्या केशरबाईंनी ते काम स्वतःच्या हातानं अर्ज लिहून मागितलं. वय अडुसष्ट, खुब्याचं हाड मोडून जोडलेलं, खोदकाम होत नाही. मुलगा पुण्यात, इकडे बघत नाही. हे काम मिळालं तर त्यांचं वर्ष निघतं. बैठकीत सगळ्यांनी हो म्हटलं. केशरबाईंनी दोन माठ आणले, ओलं पोतं गुंडाळलं, स्टीलचे सहा नवे ग्लास ठेवले. पाणी ग्रामपंचायतीच्या फिल्टरचंच.

पहिल्या दिवशी त्यांच्या वस्तीतले नऊ जण पाणी प्याले. बाकी तेहतीस जणांपैकी एक सोडून सगळ्यांनी पिशवीतून बाटल्या काढल्या. तानुबाईला माठाच्या पाण्यानं सर्दी होते. गोपाळला डॉक्टरनं सांगितलंय. कुणाचा घसा, कुणाचं पोट. एका दिवसात गावाला इतके आजार झालेले मी पाहिले नव्हते. बाटल्यांतलं पाणी त्याच फिल्टरचं, त्याच नळाचं. कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतं?

तुमचा फिरकीचा तांब्या माळ्यावर सापडला. आईनं चिंच लावून घासला, लखलखीत झालाय. काका येतील तेव्हा पाठवू का?

तुमची,
अर्पिता

*

सोनपेठ,
२७ जानेवारी २०२५

चि. अर्पिता,

पत्र पावलं. अक्षर बरं आहे. ऱ्हस्व-दीर्घ बापावर गेलंय, पण लाल पेन सूनबाईनं लपवून ठेवलाय. ऐकू येत नाही यात फार नुकसान नाही. घरात तीन मोबाईल आणि एक टीव्ही आहे, त्यामानानं मी सुखी आहे.

तू नोकरीला लागलीस याचा आनंद झाला. माझी नात त्याच भरावावर उभी राहून हजेरी घेते, हे वाचून दोन वेळा चष्मा पुसला. उत्तर टोकाशी एक बाभूळ होती, तिच्याखाली मी मस्टर घेऊन बसत असे. आहे का बघ.

पाण्याचं म्हणशील तर सोपं आहे. दोन माठ आहेतच. एक केशरबाईकडे राहू दे, दुसरा भरावाच्या पलीकडे ठेव आणि तिथे दुसरी एखादी बाई बसव. ज्याला जिथे जायचं तिथे जाईल. कुणाचं मन दुखत नाही आणि काम अडत नाही. कारकुनाचं काम म्हणजे काम चालू ठेवणं. माणसं सुधारायला सरकारनं आपल्याला नेमलेलं नाही.

आमच्या वेळी मात्र असलं काही नव्हतं. दुष्काळच एवढा होता, की ज्यांच्या दारात बैलांच्या चार जोड्या होत्या त्यांच्याही बायका खडी फोडायला आल्या. सगळे एका ओळीत बसून सरकारकडून मिळणारी सुकडी खात. मीसुद्धा मजुरांच्याच माठातलं पाणी पीत असे.

तांब्या जरूर पाठव. त्यात पाणी दिवसभर गार राहतं.

आशीर्वाद,
आबा

*

सावरटाकळी,
६ फेब्रुवारी २०२५

ती. आबा,

तांब्या काकांबरोबर दिला, पोचला असेल. बाभूळ आहे. अर्धी वाळली, अर्धी हिरवी आहे. फोटोच्या वेळी सगळे तिच्याच सावलीसाठी भांडतात.

दोन माठांचा उपाय मी केशरबाईंना सांगितला. आपला उपाय आहे तर आधी त्यांना विचारावं म्हटलं. त्या ग्लास राखेनं घासत होत्या. दिवसातून चार वेळा घासतात, कुणी प्यालं नसलं तरी. ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही अक्कल कुणाची?"

मी म्हटलं, आबांची.

"कोन आबा?"

मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"बन्सीधर कारकुनाची नात व्हय तू! मंग बरूबर हाय. कारकून शानाच होता. या तलावावर मी अकरा दिस पाणी पाजलं, सोळा वर्साची होते. बाराव्या दिशी मला खडीवर घातलं."

का, विचारलं तर म्हणाल्या, "त्यायलाच इचार की." आणि पुन्हा ग्लास घासायला लागल्या.

म्हणून विचारते. तुम्ही लिहिलंत की तेव्हा असलं काही नव्हतं. मग बाराव्या दिवशी काय झालं? दुसरा माठ मी हलवलेला नाही. पलीकडे वेगळा माठ ठेवला की तो कशासाठी ठेवला हे मला रोज दिसत राहील, आणि माझी तेवढी तयारी नाही.

बाकी ठीक. बाटल्यांत आता रंग आले आहेत. तानुबाईची निळी, गोपाळची बर्फ टिकणारी, आईची काकूंनी दिलेली गुलाबी. मुळीच न पिणारा एकच आहे, किशनराव. तो म्हणतो, मला तहानच लागत नाही. दुपारी दोन वाजता त्याचे ओठ पाहवत नाहीत.  केशरबाई सकाळी दोन माठ भरतात, संध्याकाळी दीड माठ पाणी भरावावरच्या नव्या रोपांना घालतात. रोपं छान आली आहेत.

अर्पिता

*

सोनपेठ,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पिता,

तांब्या मिळाला. आईला सांग, इतका तो नवा असतानाही चमकत नव्हता.

केशरबाईची आठवण बरोबर आहे, पण अर्धवट आहे. तिचं वय कमी होतं. अल्पवयीन मुलीला पाण्यासारख्या जबाबदारीवर ठेवणं नियमात बसत नव्हतं. वरून तपासणी येणार होती. म्हणून बदललं. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, उगाच उकरू नये.

आता माझा एक प्रश्न. तुझी दोन्ही पत्रं मी तीन-तीनदा वाचली. इथे दुसरं वाचायला पंचांग आहे. तू सगळ्यांच्या बाटल्यांची यादी दिलीस, रंगासकट. नऊ जण माठातलं पितात, किशनराव काहीच पीत नाही. तू स्वतः सकाळी आठपासून त्या भरावावर असतेस. तुझं पाणी कुठलं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

सहज विचारलं. कारकुनाला रिकामा रकाना दिसला की बोट तिथेच जातं.

आशीर्वाद,
आबा

*

सावरटाकळी,
२ मार्च २०२५

ती. आबा,

उत्तराला उशीर झाला. कामाची गडबड होती असं लिहिणार होते. तशी काही गडबड नव्हती.

आता खरंच एक घोळ झालाय. तालुक्याहून नागेशसाहेब आले. ते आमचे तांत्रिक सहायक, कामाची मोजणी करतात. माणूस वाईट नाही. त्यांनी भरलेले माठ पाहिले, बाटल्या पाहिल्या, आणि म्हणाले, "पाणी कुणी प्यायलंय का इथं? मग एक मजूर नुसता बसवून ठेवता येत नाही मॅडम. महिन्याच्या आत शेरा लिहून द्या. पाणीवालीची गरज नाही, सबब खोदकामावर वर्ग. खाली चार मजुरांच्या सह्या घ्या." म्हणजे केशरबाईंनी एक तर टिकाव उचलायचा किंवा घरी जायचं. तो खुबा घेऊन त्या टिकाव उचलू शकत नाहीत. आणि एकदा घरी गेल्या, की गावात सगळे म्हणणार, त्यांना जमलं नाही.

मी संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिही बाई, तुझं काम हाय ते. फकस्त काय लिहिशील ते मला आधी वाचून दाखव. मागच्या वक्ताला समद्यायबरूबरच आईकलं मी."

मग त्यांनी सांगितलं. आबा, जसं सांगितलं तसं लिहिते.

"शनवारी मस्टर मोठ्यानं वाचायचे. नाव, हजेरी आन शेरा. समदा तलाव गोळा व्हायचा आईकायला. माझं नाव आलं. कारकुनानं वाचलं, केशर, पाणी देण्यास अस्वच्छ. मला शबुद कळला न्हाई. मायला इचारलं, अस्वच्छ म्हंजी काय. माय म्हन्ली, घाण. मी घरी आले आन तीन बार आंग धुतलं. त्या दुष्काळात, रांजणभर पाणी! मायनं लय मारलं पाण्यासाठी. फुडं साक्षरतेचा वर्ग निघाला गावात, तवा पयला मीच गेले. मनात म्हन्लं, आपल्या नावाफुडं कुनी काय लिहिलंय ते आपल्याला वाचता आलं पायजे."

त्या रडत नव्हत्या. मीच इकडेतिकडे पाहत होते.

सोळा वर्षांच्या मुलीला पाणी देणं जड आणि खडी फोडणं हलकं, हा तुमचा नियम मी पुस्तिकेत शोधला, सापडला नाही. मी एवढंच विचारते. तो शब्द तुम्ही लिहिलात का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.

अर्पिता

*

सोनपेठ,
८ मार्च २०२५

चि. अर्पिता,

होय. मी लिहिला आणि मीच वाचला.

तू विचारतेस म्हणून सगळं लिहितो. बावीस वर्षांचा होतो. नोकरी कच्ची, तीन महिन्यांची. घरात माझ्या पगाराशिवाय काही येत नव्हतं. केशर चलाख पोर होती. भांड्यातून वरून धार धरायची, थेंब सांडायचा नाही. दहा दिवस सगळे ओंजळीनं प्याले. भुकेपुढे आणि तहानेपुढे कुणाला काही आठवत नव्हतं, हे मी लिहिलं ते तेवढ्यापुरतं खरं आहे. मग सुकडी सुरू झाली, पोटात थोडं गेलं आणि लोकांना सगळं आठवलं. अकराव्या दिवशी चार मोठ्या घरच्या बायका माझ्याकडे आल्या. तिला हलवा, नाहीतर आम्ही कामावर येत नाही. त्या आल्या नसत्या तर मजूर कमी पडले असते, काम बंद झालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. या क्रमानं मी विचार केला.

मजुराला एका कामावरून दुसऱ्यावर घालायचं तर शेऱ्यात कारण लिहावं लागे. खरं कारण लिहिणं गुन्हा होता. म्हणून दुसरा शब्द शोधला. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो वाचला आणि 'स्वच्छतेकडे योग्य लक्ष' म्हणून माझी तारीफ केली. पुढच्या वर्षी मी कायम झालो. त्या नोकरीवर तुझा बाप शिकला, काका शिकला. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

तिनं तीन वेळा अंग धुतलं, हे मला माहीत नव्हतं. पत्र आल्यापासून तेच डोक्यात आहे. लाज वाटते, एवढंच म्हणू शकतो.

आता तुझ्या शेऱ्याचं. मी दोन माठ सांगितले होते, ते मागे घेतो. 'गरज नाही' हे लिहू नकोस. ते माझ्या शब्दाचं धाकटं भावंड आहे. खरं कारण लिही. पूर्ण लिही. आणि सह्या घेण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, जसं मी वाचलं होतं. नोकरीत एक गोष्ट मी पाहिली. भलत्या कारणाखाली माणसं न वाचता अंगठा देतात. खरं कारण वाचून दाखवलं, की प्रत्येकाला चष्मा आठवतो.

नोकरीला धोका आहे. तुझी नोकरी माझ्याहून कच्ची आहे. विचार करून कर.

आबा

*

सावरटाकळी,
१९ मार्च २०२५

ती. आबा,

केलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी घरून बाटली नेत होते. कॉलेजपासून सवय आहे, सगळेच नेतात, असं मी स्वतःला सांगत होते. पहिल्याच दिवशी ती बाटली मी केशरबाईंच्या समोर उघडली. मला त्यात काही वाटलं नाही आणि हेच खरं तर लिहायला अवघड होतं.

शेरा आदल्या दिवशी केशरबाईंना वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, बोट ठेवत पुन्हा स्वतः वाचला आणि म्हणाल्या, "बरूबर हाय. शाई पक्की हाय ना?"

शनिवारी दुपारच्या फोटोनंतर सगळ्यांना बाभळीखाली थांबवलं. नोंदवहीतून वाचलं ते असं : "कामावर पिण्याचे स्वच्छ पाणी उपलब्ध आहे. मजूर बेचाळीस. पैकी नऊ मजूर हे पाणी पितात. उरलेले तेहतीस मजूर आणि ग्रामरोजगार सेवक हे पाणी पीत नाहीत. कारण हे पाणी भीमनगर येथील श्रीमती केशरबाई देतात. दुसरे कारण आढळले नाही." मग म्हटलं, खाली चार सह्या पाहिजेत, साहेबांना वर पाठवायचं आहे.

आबा, इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. तुम्हाला रोज अशीच ऐकू येत असेल.

शेवटी तानुबाई बोलल्या. "माझं नाव हाय का त्याच्यात?"

"तेहतिसांची यादी सोबत जोडलीय."

"मंग माझं काढ."

"तुम्ही पीत नाही हे खोटं आहे का?"

तानुबाईंनी मला काय म्हटलं ते लिहीत नाही, तुम्ही आजोबा आहात. पण त्या उठल्या, तरातरा माठापाशी गेल्या, ग्लासभर पाणी प्याल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गिलास लय बारका हाय!" केशरबाईंनी दुसरा भरून दिला. तोही प्याल्या. मग किशनराव गेला. तो पाच ग्लास प्याला. दोन महिन्यांची तहान होती ती. मग गोपाळ, मग दोन जावा एकमेकींना ढकलत.

खरं म्हणजे सगळ्यांच्या आधी मी जायला हवं होतं. मी सहावी गेले. पहिली गेले असं लिहिलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं, पण आता आपल्यात ते नको. हातात ग्लास देताना केशरबाई म्हणाल्या, "बसून पी गं, ठसका लागंल." पाणी गार होतं. मला रडू आलं. ठसका लागला असं सगळ्यांना वाटलं.

सगळे काही गेले नाहीत. दहा-बारा जण पिशव्या उचलून घराकडे चालू लागले. ते ना पाणी प्याले, ना त्यांनी सही केली. सही तशी कुणीच केली नाही. त्यात आई होती. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काल दुपारी तिची गुलाबी बाटली घरीच फळीवर दिसली. 

नागेशसाहेबांनी पान वाचलं, एकही सही नाही ते पाहिलं आणि वही मिटली. "हे वर नका पाठवू. पाणीवाली राहू द्या," म्हणाले. मी म्हटलं, तसं लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. केशरबाई शेवटपर्यंत कामावर आहेत.

रोपांना आता पाणी कमी पडतं.

अर्पिता

*

सोनपेठ,
२५ मार्च २०२५

चि. अर्पिता,

पत्र सूनबाईला वाचून दाखवलं. मोठ्यानं. मला स्वतःचं ऐकू येत नाही, पण तिनं पोळी तव्यावर जाळली, म्हणजे नीट वाचलं असावं.

सोबत एक कागद आहे. तो केशरबाईंना दे. वाचून दाखवू नकोस, त्या वाचतील.

आबा

(सोबतचा कागद)

शेरा दुरुस्ती. पाझर तलाव, सावरटाकळी. सन १९७३ च्या मस्टरमध्ये मजूर केशर हिच्या नावापुढे 'पाणी देण्यास अस्वच्छ' असा शेरा माझ्या हस्ताक्षरात आहे. तो खोटा आहे. पाणी स्वच्छ होते. पाणी देणारी स्वच्छ होती. शेरा लिहिणाऱ्याने नोकरीसाठी तो लिहिला. मूळ मस्टर आता उपलब्ध नाही, म्हणून ही दुरुस्ती वेगळ्या कागदावर केली आहे. बन्सीधर, तत्कालीन हजेरी कारकून.

*

सावरटाकळी,
४ एप्रिल २०२५

ती. आबा,

कागद दिला. केशरबाईंनी हात पुसले, बाभळीखाली बसल्या आणि वाचला. बराच वेळ लागला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"अक्षर चांगलं हाय कारकुनाचं," म्हणाल्या. "तवा कुटं वाचता येत व्हतं."

मला वाटलं, झालं. मी उठले. तर त्यांनी हात धरून बसवलं.

"कागद ठिवते मी. पर येक ऱ्हायलंय. अकरा दिस मी समद्या तलावाला पाणी पाजलं. कारकुनाला न्हाई पाजलं. त्यायच्या सायकलीला फिरकीचा तांब्या असायचा. मी भांडं घिऊन जायचे, ते तांब्या दाखवायचे. अकरा दिस जायचे मी, रोजच्या रोज. त्यायला सांग, माझा येक माणूस ऱ्हायलाय पाजायचा."

आबा, जानेवारीत तुम्ही लिहिलं होतं की तुम्हीही मजुरांच्याच माठातलं पाणी पीत होतात. ते पत्र माझ्याकडे आहे. त्याबद्दल मी काही विचारत नाही. निरोप होता, तो पोचवला.

चौदा तारखेला जयंतीची सुट्टी आहे. काम एप्रिलअखेर संपेल.

अर्पिता

*

सोनपेठ,
९ एप्रिल २०२५

चि. अर्पिता,

तांब्याची गोष्ट खरी आहे. मी खोटं लिहिलं होतं.

मंगळवारी, पंधरा तारखेला येतो. सकाळच्या एसटीनं निघून गंगाखेडला गाडी बदलेन, पोखर्णीला उतरेन. तिथून तुझ्या बापाला मोटारसायकल घेऊन यायला सांग. घरी नेऊ नको म्हणावं, आधी तलावावर. दुपारच्या फोटोच्या वेळेला पोचेन, म्हणजे सगळे असतील. कुणाला आधी सांगू नकोस. केशरबाईंना सांग.

सूनबाई म्हणते, एप्रिलचं ऊन आहे, सोबत पाणी घ्या. तांब्या तिनं भरायलाही काढला होता. मी तो परत फळीवर ठेवायला लावला. पोचेपर्यंत तहान लागलेली बरी.

आबा